सुंदरलाल-समितीचा हैदराबाद-अहवाल : एक साधनचिकित्सा

हैदराबाद संस्थानावर हिंदुस्थान सरकारच्या सैन्यानें १९४८ च्या सप्टेंबरांत चाल केली, आणि पुढें सुमारें अडीच महिन्यांनीं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघे गृहस्थ सरकारच्या सांगण्यावरून त्या मुलुखांत हिंडून आले. त्यांनीं सादर केलेला अहवाल त्या वेळीं छापला न जातां दप्तरांत बांधून राहिला. त्यांतील कांहीं उतारे मागाहून तुरळक प्रसिद्ध झाले. परंतु संपूर्ण संहिता सामान्य वाचकाच्या हातीं आली ती २०१३ सालीं, ए. जी. नूरानी यांनीं हैदराबादविषयक आपल्या इंग्रजी ग्रंथास ती परिशिष्ट म्हणून जोडली, आणि दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयांतील प्रतही पाहावयास मिळूं लागली तेव्हां. म्हणजे साठांहून अधिक वर्षें हा कागद ऐकीव राहिला. ऐकीव कागदाचें जें होतें तें याचेंही झालें. एका पक्षानें त्यास न्यायाधीशाचा निवाडा मानलें, दुसऱ्यानें बनावट ठरवून बाजूस सारलें. एखाद्या पोथीची जशी प्रत, कर्ता, प्रयोजन, पाठ आणि मौन या पांच अंगांनीं तपासणी होते, तशी याची मात्र झालेली प्रस्तुत लेखकाच्या वाचनांत नाहीं. ती थोडक्यांत येथें करावयाची आहे. आणि ती करतांना मुख्य प्रश्न एकच ठेवावयाचा आहे. या अहवालावरून त्या राज्यांतील फौज, पोलिस आणि न्यायासन या तीन संस्थांविषयीं काय कळतें, व त्या संस्था 'सुधारल्या' असें जें आपण पाठ्यपुस्तकांत लिहितों त्यास आधार किती?

प्रथम प्रयोजन. समितीनें आपली कामगिरी स्वतःच सांगितली आहे : हें सद्भावना-मंडळ आहे, पोलिस-कारवाईच्या आधीं किंवा नंतर घडलेल्या गोष्टींची चौकशी करण्यासाठीं नेमलेलें मंडळ नव्हे. हें वाक्य दोन्ही पक्षांच्या नजरेंतून निसटलें आहे. चौकशी-मंडळास साक्षीदार बोलावण्याचा व शपथ देण्याचा जो कायदेशीर अधिकार लागतो, तो देणारा केंद्रीय कायदा १९५२ सालचा. तो या मंडळीस असणें शक्यच नव्हतें. त्यांनीं २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या तेवीस दिवसांत १६ पैकीं ९ जिल्ह्यांत प्रवास केला, ७ जिल्ह्यांचीं मुख्य ठाणीं, २१ कसबे व २३ महत्त्वाचीं खेडीं पाहिलीं, आणि जेथें स्वतः जातां आलें नाहीं अशा १०९ खेड्यांतील पांचशेंहून अधिक लोकांच्या तोंडून हकीकती ऐकल्या. १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणें एक कोटी त्रेसष्ट लक्ष वस्तीच्या राज्यांत तेवीस दिवसांत यापेक्षां अधिक कोणास करतां आलें असतें असें नाहीं. परंतु त्यामुळें हा कागद निवाडा न ठरतां जबानी ठरतो. आणि जबानीचें मोल जबानीच्या नियमांनींच ठरवावें लागतें. त्याला बनावट म्हणणाऱ्यांस एवढेंच विचारावें, कीं ज्या सरकारनें तो मागविला त्या सरकारास तो गैरसोयीचा झाला. असा कागद बनविण्यांत कोणाचा लाभ होता? स्वपक्षास अडचणीची गोष्ट सांगणारा साक्षीदार अधिक विश्वसनीय, हा नियम बखरींच्या परीक्षणांत आपण नेहमींच लावतों.

आतां आंकडे. अहवाल सांगतो कीं, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांत पोलिस-कारवाईच्या वेळीं व नंतर मारले गेलेल्यांची संख्या अठरा हजारांहून कमी नसावी. औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत ती किमान पांच हजार असावी. आणि अवघ्या राज्यांत अगदीं सावध अंदाजानेंही सत्तावीस ते चाळीस हजार. बेरीज करून पाहावी. आठ जिल्ह्यांचे मिळून तेवीस हजार होतात. सत्तावीस हजार ही खालची मर्यादा धरली तर उरलेल्या आठ जिल्ह्यांच्या वांट्यास चार हजार येतात. चाळीस हजार ही वरची धरली तर सतरा हजार. पहिले दोन आंकडे 'किमान' आहेत हें खरें, त्यामुळें वाढीचा कांहीं भाग नांव घेतलेल्या जिल्ह्यांतही पडूं शकेल. तरीही चार हजार आणि सतरा हजार यांच्यामधील अंतर कशानें भरावयाचें याचें साधन अहवालांत नाहीं. सभांतून आणि वर्तमानपत्रांतून चाळीस हजार हा आंकडा सर्रास फेंकणारे ही बेरीज करीत नाहींत. आणि आंकडा खोटा म्हणणारेही करीत नाहींत.

आम्हां परभणीकरांस या बेरजेचें अगत्य अधिक आहे. त्या आठ नांवांत परभणीचें नांव नाहीं. उत्तरेस औरंगाबाद, पश्चिमेस बीड, पूर्वेस नांदेड, दक्षिणेस बिदर, असे चहूंकडचे शेजारी यादींत आहेत, आणि मधला जिल्हा नाहीं. त्या काळीं हिंगोली, कळमनुरी, वसमत हीं ठाणीं परभणींतच होतीं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. यावरून आमच्याकडे कांहीं घडलेंच नाहीं असा सुखद निष्कर्ष कोणीं काढूं नये. अनुल्लेख हा अभावाचा पुरावा नव्हे, हें न्यायशास्त्राचें प्राथमिक पुस्तक वाचलेल्यासही ठाऊक असतें. उलट, शेजारी जळत होते म्हणून हेंही घर जळालेंच असलें पाहिजे, असें अनुमानही सव्यभिचार हेतूचें होईल. येथें अहवाल मुका आहे, आणि ज्या जिल्ह्याविषयीं तो मुका आहे त्या जिल्ह्याचा इतिहास स्थानिक कागदांतूनच काढावा लागणार.

आंकड्यांवर जितकें भांडण झालें तितकें लक्ष अहवालांतील एका साध्या वर्णनाकडे गेलें नाहीं, आणि प्रस्तुत लेखकाच्या मतें सबंध कागदांत तेंच सर्वांत मोलाचें आहे. रझाकारांच्या पद्धतीविषयीं समिती सांगते कीं, त्यांनीं प्रत्येक गांवावर व कसब्यावर दरमहा रक्कम बसविली होती. जेथें ती बिनतक्रार दिली गेली तेथें बहुधा पुढें उपद्रव झाला नाहीं. जेथें प्रतिकार झाला तेथें लूट, आणि मग जाळपोळ, खून, स्त्रियांचें अपहरण. कासिम रझवीच्या भाषणांनीं आपल्या इतिहासकारांचें लक्ष इतकें व्यापलें आहे कीं, ही दरमहाची वसुली त्यांना गौण वाटते. वास्तविक तेंच मूळ आहे. ज्या सशस्त्र मनुष्यास राज्याच्या खजिन्यांतून पगार मिळत नाहीं, तो तो गांवांतून घेतो. मग त्याचा झेंडा कोणता आणि घोषणा कोणती हा पुढचा प्रश्न. कौटिल्यानें पांचव्या अधिकरणांत भृत्यभरणीय म्हणून एक स्वतंत्र प्रकरणच घातलें, आणि चौथ्या अधिकरणांत, कंटकशोधनांत, सर्वाधिकरणरक्षण म्हणून दुसरें, ज्यांत चोरांइतकाच अधिकाऱ्यांचा व न्यायाधीशांचाही बंदोबस्त सांगितला. शिपायास पगार कोण देतो, आणि त्याच शिपायाविरुद्ध फिर्याद कोठें करावयाची, हे दोन प्रश्न सुटल्यावांचून फौजेची किंवा पोलिसांची सुधारणा झाली असें म्हणतां येत नाहीं. निजामशाहीच्या मागील शंभर वर्षांवर हेच दोन प्रश्न घेऊन नजर टाकावी.

१८५३ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या पगारापायीं वऱ्हाड, रायचूर दोआब व नळदुर्गाकडील मुलूख निजामाकडून लावून घेतला. त्याच महिनाअखेरीस चोवीस वर्षांचे सालारजंग दिवाण झाले. त्या वेळीं राज्यांत सत्ता खरी कोणाची होती? अरब जमादारांनीं सरकारास कर्जें दिलेलीं, तालुके गहाण घेतलेले, स्वतःचे पहारे, स्वतःचे बंदीखाने. इजाऱ्यानें मुलूख घेणारा तालुकदार आपले शिबंदी लोक बाळगी, त्यांचा पगार रयतेकडून वसूल करी, आणि त्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणें ऐकणाराही तोच. आमच्या भागांत दोन प्रकारचे शिपाई एकाच वेळीं पाहावयास मिळत : हिंगोलीच्या छावणींतला, ज्याचा पगार वऱ्हाडच्या वसुलांतून ठरल्या दिवशीं मिळे, आणि गांवोगांव हिंडणारा रोहिला, ज्याचा पगार कोणींच देत नसे. या दुसऱ्यांची टोळी मारण्यासाठीं पहिल्यांस १८५९ सालीं रिसोडजवळ चिंचांबा येथें लढावें लागलें. एकाच राज्याच्या नांवानें हत्यार धरणाऱ्या दोन वर्गांची ही लढाई, आणि त्यांच्यांतला मुख्य भेद पगाराच्या तारखेचा!

सालारजंगांचें श्रेय इतिहासकार १८६५ च्या जिलाबंदीस देतात. जिल्हे, पगारी तालुकदार, पोलिसांचे मोहतमिम व अमीन, निरनिराळ्या अदालती, अशी यादी देऊन प्रकरण संपवितात. मौलवी चिराग अली यांच्या १८८४ ते १८८६ या काळांत मुंबईस छापलेल्या चार खंडांपासून ही प्रथा पडली. तो ग्रंथ माहितीची खाण आहे याबद्दल दुमत नाहीं; पण तो राज्ययंत्र चालविणाऱ्याच्या बैठकीवरून लिहिलेला आहे. त्या यादीच्या आधीं घडलेली गोष्ट अधिक महत्त्वाची : सालारजंगांनीं अरबांचे पैसे फेडून गहाण तालुके सोडविले. कचेऱ्या मागाहून आल्या. आधीं वसूल हातीं आला. शिवाय बे-कायदा शिबंदी त्यांनीं एकदम मोडली नाहीं, तिला खजिन्यावर घेतलें. हें कांहींसें भित्रेपणाचें धोरण म्हणून नांवें ठेवणारे आहेत. २००३ सालीं इराकांत अमेरिकन अधिकाऱ्यांनीं सबंध फौज एका हुकुमासरशी मोडली, आणि तींतले कित्येक हत्यारबंद बेकार बंडखोरांस जाऊन मिळाले, हें ज्यांस ठाऊक आहे ते नांवें ठेवणार नाहींत.

जातां जातां संग्राहकांसाठीं एक शब्दचिकित्सा. 'तालुकदार' हा शब्द जिलाबंदीपूर्वीच्या कागदांत इजारदार या अर्थानें येतो, आणि नंतरच्या कागदांत पगारी जिल्हाधिकारी या अर्थानें. शब्द तोच, वस्तु विरुद्ध. मोडी रुमालांच्या ज्या छापील सूच्या निघाल्या आहेत त्यांत हा भेद पुष्कळदां पाळलेला नाहीं, आणि त्यामुळें लुटारू व मॅजिस्ट्रेट एकाच सदराखालीं बसले आहेत.

पुढें १९२१-२२ च्या सुमारास सातव्या निजामांनीं न्यायखातें मुलकी खात्यापासून वेगळें केलें. इंग्रजी प्रांतांत ज्याची मागणी काँग्रेस अनेक वर्षें करीत होती तें संस्थानांत झालें, म्हणून त्याचें कौतुक तेव्हांही झालें व आजही होतें. तें रास्तच आहे. परंतु जहागिरी व पायगा यांचा मोठा मुलूख राज्यांत होता, आणि मोठ्या जहागिरदारांचे पोलिस व त्यांच्या अदालती १९४९ पर्यंत त्यांच्याच होत्या. अदालतींत बसलेला मुन्सिफ कितीही स्वतंत्र असला, तरी फिर्याद लिहून घेणारा अमीन जर रझाकारांच्या म्होरक्यापुढें उभा राहूं शकत नसेल, तर त्या स्वातंत्र्याचा उपयोग काय? १९४७-४८ सालीं गांवकऱ्यांनीं न्यायासनाकडे न जातां सीमा ओलांडून उमरखेडसारख्या ठिकाणच्या छावण्या गांठल्या, याचें कारण अदालत नव्हती हें नव्हे. अदालतीपर्यंतची वाट ज्याच्या ताब्यांत होती तो शत्रूच्या ताब्यांत होता, हें होय.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं सैन्य आंत शिरलें, १७ तारखेस निजामांनीं युद्ध थांबविलें, १८ तारखेस मेजर-जनरल चौधरी यांच्यापुढें जनरल अल इद्रूस यांनीं शरणागति दिली. मुक्तिसंग्रामावरील आपलीं बहुसंख्य मराठी पुस्तकें येथें विजयदुंदुभि वाजवून थांबतात. या स्वारीस 'पोलिस-कारवाई' म्हणण्याचा प्रघात पडला. हैदराबादचें प्रकरण त्याच सुमारास राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढें होतें, तेव्हां ही घरची बाब आहे असें दाखविणारा शब्द हवा होता. मात्र पोलिसांच्या या कारवाईनंतर जो गव्हर्नर आला तो लष्करी! त्यालाही सत्ता मिळाली ती निजामांच्या फर्मानानें, आणि त्याचे कायदे फसली सनाच्या अंकानें निघाले : खास न्यायासनांचा कायदा हा १३५८ फसलीचा पांचवा, जहागिरी खालसा करणारा हा त्याच सालचा एकुणसत्तरावा. जुनी कारकुनी किती चिवट असते हें याहून चांगलें कोठें दिसणार नाहीं.

संस्थानची बहुतेक फौज मोडली गेली. रझाकार एका दिवसांत बेकायदा ठरले. शेजारच्या मद्रास, मुंबई व मध्यप्रांतांतून मुलकी अधिकारी व पोलिस आणले गेले. आणि येथेंच अहवालाचा सर्वांत अवघड पाठ येतो. समिती म्हणते कीं, सैन्याची वागणूक एकंदरींत चांगली होती. परंतु कांहीं ठिकाणीं सैन्यांतील व स्थानिक पोलिसांतील लोक लुटींत व इतर गुन्ह्यांत सामील असल्याचा निश्चित पुरावा आपणांस मिळाला, आणि कित्येक ठिकाणीं सशस्त्र दलांतील लोकांनीं जमावास मुसलमानांचीं दुकानें व घरें लुटण्यास उत्तेजन दिलें. सोबत जोडलेल्या गुप्त टिपणांत याहून भयंकर गोष्टी आहेत. आतां 'स्थानिक पोलिस' म्हणजे कोण? निजामाचा जुना पोलिस, कीं नुकताच बाहेरून आणून तेथें नेमलेला? पहिला अर्थ घेतला तर काल रझाकारांपुढें गप्प राहिलेलीच संस्था आज दुसऱ्या जमावापुढें वांकली, म्हणजे सुधारणा मुळींच झालेली नव्हती असें ठरतें. दुसरा घेतला तर सुधारणेचें जें साधन म्हणून आणलें तेंच दूषित निघालें. दोन्ही निष्कर्ष जड आहेत, आणि निराळे आहेत. अहवाल व्याख्या करीत नाहीं. आजपर्यंतच्या भाष्यकारांनींही हा शब्द जसाच्या तसा उचलला आहे, जणूं तो स्वयंस्पष्ट आहे. ज्या दोषावर कांहीं उपाय करावयाचा तो कोणत्या दलाचा, हेंच जर संहितेंतून कळत नसेल, तर ती संहिता उपायाचा पाया होऊं शकत नाहीं; हा समितीचा मोठा उणेपणा होय.

तथापि त्याच अहवालांत हिंदूंनीं मुसलमान शेजाऱ्यांस वांचविल्याच्या हकीकती आहेत. विणकरांनीं विणकरांचें रक्षण केल्याची एक आहे. या हकीकती दोन्ही पक्ष वगळतात. जेथें राज्याचा शिपाई उपयोगी पडला नाहीं तेथें धंद्याचें नातें उपयोगी पडलें, ही गोष्ट संस्थांचा इतिहास लिहिणारानें टिपून ठेवण्यासारखी आहे.

राहिलें न्यायासन. रझाकारांच्या गुन्ह्यांसाठीं खास न्यायासनें बसलीं. बीबीनगरच्या दरोड्यांत रझवीस शिक्षा झाली. शोएबुल्लाखान या संपादकाच्या खुनाच्या खटल्यांत मात्र तो अपिलांत सुटला, व १९५७ सालीं बंदिवासांतून मुक्त होऊन पाकिस्तानांत गेला. राज्यघटना अंमलांत आल्यावरही जुन्या खास पद्धतीनें खटला चालविणें समानतेच्या तत्त्वास धरून आहे काय, हा त्याचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयानें १९५३ च्या जानेवारींत फेटाळला, पण न्यायाधीशांत एकमत नव्हतें. वरंगळच्या एका माजी सुभेदारास खास न्यायाधीशानें दिलेली फांशीची शिक्षा तर सर्वोच्च न्यायालयानें पुढें रद्द केली, कारण फिर्यादी पक्षानें घटनास्थळीं हजर असलेला महत्त्वाचा साक्षीदारच पुढें आणला नव्हता. या दोन निकालांकडे 'शत्रु सुटले' म्हणून नाराजीनें पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. ती टाकावी. जिंकलेल्यानें हरलेल्यावर चालविलेला खटला वरच्या न्यायासनानें पुराव्यावर तपासला, आणि पुरावा अपुरा तेथें सोडून दिलें, ही सबंध प्रकरणांतील सर्वांत पक्की सुधारणा होय. जिलाबंदीच्या सगळ्या कचेऱ्यांहून पक्की.

परंतु तराजूचें दुसरें पारडें तसेंच राहिलें. सप्टेंबरनंतर मारल्या गेलेल्यांची जबानी समितीनें घेतली, ती शपथेवर नव्हती, तिची उलटतपासणी झाली नाहीं, आणि ती छापलीही गेली नाहीं. रझाकारांनीं लुटलेल्या गांवकऱ्यास निदान एक न्यायासन मिळालें. सैन्य आल्यानंतर लुटल्या गेलेल्यास एक अहवाल मिळाला, तोही बांधलेला. अहवाल प्रसिद्ध न करण्याचें कारण त्या वेळचे राज्यकर्ते शांततेची काळजी असें सांगूं शकले असते, व त्यांत अजिबात तथ्य नव्हतें असेंही नाहीं. पण त्याचा परिणाम साधनशास्त्राच्या दृष्टीनें वाईट झाला. जो पुरावा १९४९ सालीं गांवोगांव ताडून पाहतां आला असता, तो २०१३ सालीं ताडून पाहण्यास साक्षीदार जवळजवळ उरले नाहींत.

म्हणून आतां कागदच राहिले. परभणी जिल्ह्यांत अजून पाटील-कुळकर्ण्यांच्या घरीं रुमाल आहेत; संग्राहक मंडळी त्यांतून शिवकालीन व पेशवाईंतील पत्रें निवडून घेतात, आणि उर्दू शिकस्तींतील फसली सनाचे अलीकडचे कागद रद्दी म्हणून परत बांधतात. पोलिसपाटलाच्या नोंदी, ठाण्यास पाठविलेल्या फिर्यादींच्या नकला, नुकसानीचे अर्ज, शिबंदीच्या पगाराचीं हजेरीपत्रकें, जहागिरीच्या अदालतींतील निवाडे, हे कागद हवे आहेत. हैदराबाद येथें तारनाक्याच्या अभिलेखागारांत सरकारी बाजू सांपडेल. गांवची बाजू तेथें असण्याचा संभव थोडा. काळमर्यादा आखून घ्यावी. सैन्य शिरलें तो महिना हैदराबादी फसलीचा आबान १३५७, वर्षाचा शेवटचा. नवें साल १३५८ आझूरपासून लागतें, आणि समितीचा प्रवास दै व बहमन या महिन्यांत पडतो. तेव्हां १३५७ असा नुसता सन असलेला कागद आणण्यापूर्वी महिना अवश्य पाहावा, कारण त्या एका सालांत रझाकारांचा सबंध अंमल आणि त्याचा शेवट हीं दोन्ही आहेत. आणि नक्कल करतांना तारीख इंग्रजींत न फिरवितां मूळांत असेल तशीच उतरावी.